हायड्रा बोलवायच्या आधी वजन कसं काढायचं

गोव्यात पर्वरीच्या एका साइटवर नुकताच सुपरवायझर म्हणून लागलेल्या मुलाने विचारलंय, "काका, आमच्याकडे वजनकाटा नाही. सळ्यांचे बंडल, चिरे, डेब्रिजच्या बॅगा, जुन्या स्लॅबचे तुकडे सगळं हायड्राने, म्हणजे टायरवरच्या क्रेनने, नाहीतर होइस्टने, म्हणजे माल वर नेणाऱ्या लिफ्टने उचलायचं असतं, आणि ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणतो उचलून बघू, जड वाटलं तर खाली ठेवू. सोमवारी एक जुनी आरसीसी पाण्याची टाकी काढायचीय, बाहेरून २ मीटर बाय १.५ मीटर, उंची १.२ मीटर, वर झाकण नाही, ठेकेदार म्हणतो दोन टन असेल. वजन नक्की कसं काढायचं?"

टाकीकडे शेवटी येतो. आधी ते "उचलून बघू" डोक्यातून काढून टाक. हायड्राला आउटरिगर, म्हणजे बाजूला टेकवायचे पाय, नसतात, ती टायरवर उभी राहून उचलते, आणि लोड जास्त आहे हे ऑपरेटरला कळतं कधी, तर मागची चाकं हलकी झाली की. त्या वेळी माणूस घाबरून पहिली गोष्ट काय करतो तर बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, खाली घेतो, आणि बूम खाली गेली की रेडियस, म्हणजे क्रेनपासून लोडचं अंतर, वाढतो, म्हणजे जी क्रेन काठावर होती ती तिथेच पुढे कलंडते. त्यामुळे वजन कळायची जागा हुक लावायच्या आधीची, नंतरची नाही.

मी डिचोलीला एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये सुरुवात केली, डंपरची इंजिनं, एक्सल, बकेट असं उचलायचं काम, २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा बांधकामाकडे वळलो. खाणीत एक गोष्ट पक्की शिकलो की डोळ्यांनी वजन दिसत नाही. लाल माती आणि लोहखनिजाचा चुरा, दोन्हीचे ढीग बाजूबाजूला असले तर रंग जवळपास एकच, पण तेवढ्याच बकेटमध्ये खनिज कितीतरी जड भरतं. म्हणून "एवढंसं तर आहे" हे वाक्य साइटवर कुणी म्हटलं की मी टेप मागतो.

हिशोब मुळात सोपाय. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, त्याला त्या मालाचं एका घनमीटरचं वजन. आरसीसी, म्हणजे सळी घातलेलं काँक्रीट, २५०० किलो धर, साधं काँक्रीट २४००, लोखंड ७८५०, पाणी १०००, ओली वाळू किंवा ओली माती १८०० ते २०००, सुकी वाळू १६०० च्या आसपास, सुटी खडी १५०० ते १६००. चिरा म्हणजे जांभा २००० ते २२०० धरला तरी चालतो, पण घट्ट खाणीचा असेल तर त्याहून जास्त भरतो. सागवान साधारण ६५०, आणि जुन्या घरातली ऐनाची, आपण मट्टी म्हणतो त्याची तुळई असेल तर ८५० च्या घरात. बांधकाम मालाच्या वजनाचा सगळा तक्ता आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात आहे, ऑफिसमधल्या इंजिनियरकडे असतोच, त्याची दोन पानं प्रिंट काढून साइट ऑफिसच्या भिंतीवर लाव. मेस्त्री लोक फुटात बोलतात त्यांच्यासाठी एवढंच लक्षात ठेव, आरसीसीचा एक घनफूट म्हणजे ७० किलो, लोखंडाचा एक घनफूट २२२ किलो, पाण्याचा २८.

सळीला तर माप पण लागत नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, १६२ ने भाग, आलं एका मीटरचं वजन. १२ एमएमची ०.८९ किलो, १६ ची १.५८, २० ची २.४७, २५ ची ३.८६. सळी १२ मीटरची असते म्हणजे १६ ची एक सळी १९ किलो, २५ ची एक ४६ किलो. ५० सळ्यांचं बंडल १६ चं असेल तर ९५० किलो आणि २५ चं असेल तर २३०० च्या वर, आणि लांबून बघितलं तर कामगाराला दोन्ही "एक बंडल"च दिसतात. आता यातली खरी गफलत सांगतो. आपल्याकडे गावातल्या रस्त्याने लांब ट्रेलर आत येत नाही म्हणून सळी बऱ्याचदा मधे वाकवून दुहेरी करून येते. मुलगा काय करतो, बंडल सहा मीटरचं दिसतं म्हणून लांबी सहा धरतो आणि वाकलेल्या बाजूने सळ्या मोजतो, वजन बरोबर अर्धं येतं. वाकलेल्या बाजूने मोजलंस तर लांबी १२ च धरायची. आणि खडूने दहा-दहाच्या खुणा करत मोज, नजरेने नको.

प्लेटचं पण तसंच, एक चौरस मीटरला जाडीच्या दर मिलिमीटरमागे ७.८५ किलो, म्हणजे १० एमएमची प्लेट चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर. स्कॅफोल्डिंगचा नेहमीचा पाईप, बाहेरून ४८.३ आणि ३.२ जाडीचा, मीटरला साडेतीन किलोच्या थोडा वर, सहा मीटरचा एक पाईप २१ किलो. शटरिंगच्या लोखंडी प्लेटा, प्रॉप, जॅक यांचं पुस्तकी वजन शोधत बसू नकोस, प्रत्येकाची बनावट वेगळी आणि त्यावर काँक्रीट चिकटलेलं असतं, भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा पाच नग घालून सरासरी काढ आणि भिंतीवर लिहून ठेव.

माल नवीन आला असेल तर चलान बघ. वजनकाट्याची पावती असेल, भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, ते तुझ्या कुठल्याही हिशोबापेक्षा खरं. मशीन असेल तर त्याची नेमप्लेट. फक्त मशीनच्या कागदावर दोन वजनं असतात बघ, एक शिपिंगचं, म्हणजे रिकाम्या मशीनचं, आणि एक ऑपरेटिंगचं, म्हणजे चालू असताना आत जे असतं त्यासकट. कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलच्या टेरेसवरून एसीचे जुने चिलर उतरवताना हे फार भोवतं, कारण आत पाणी असेल तर खरं वजन ऑपरेटिंगचं असतं आणि माणूस शिपिंगचा आकडा धरून बसलेला असतो. जनरेटरच्या टाकीत डिझेल किती ते पण विचार, १५० लिटर म्हणजे सव्वाशे किलो, आणि ते एका बाजूला असल्यामुळे लोड तिरका होतो तो वेगळाच. ट्रान्सफॉर्मर असेल तर तेलासकट की तेलाशिवाय ते प्लेटवर लिहिलेलं असतं, नीट वाच.

इथपर्यंतचं कुणीही करेल. मला जे सांगायचंय ते पुढचं आहे, कारण इतक्या वर्षांत गुणाकार चुकून झालेला अपघात मी जवळजवळ पाहिलेला नाही. चुकतं ते जे मोजलंच नाही त्याच्यात. आणि राहून गेलेली गोष्ट वजन वाढवतेच, कमी कधी करत नाही.

एक किस्सा माझ्याच हातचा. फोंड्याकडे एका जुन्या गटारावरचे आरसीसी स्लॅब काढायचे होते, जुलै महिना, पाऊस. मी एका स्लॅबचं माप घेतलं, २.४ मीटर बाय १.५ मीटर, दिसणाऱ्या कडेला जाडी १५ सेंटिमीटर. ०.५४ घनमीटर, २५०० ने गुणलं, १३५० किलो. हायड्रा कंपाउंडच्या भिंतीवरून बूम लांब काढून उचलणार होती, त्या रेडियसला क्रेनचा चार्ट, म्हणजे किती लांब किती वजन उचलता येतं तो तक्ता, दोन टनाच्या आतच सांगत होता, मी म्हटलं चालेल. स्लॅब एका बाजूने वर आला आणि मागची चाकं सुटायला लागली. ऑपरेटर जुना माणूस, त्याने बूमला हातच लावला नाही, सरळ हुक खाली सोडला, म्हणून वाचलो. स्लॅब तिरका बसला आणि हेल्परच्या पायाचं बोट चिरडलं, त्याला तीन महिने घरी बसावं लागलं. तो पोरगा मला अजून भेटतो आणि दर वेळी मला ते माप आठवतं.

नंतर स्लॅब फोडला तेव्हा दिसलं, खालून दोन्ही लांब बाजूंना २० बाय २५ सेंटिमीटरच्या बीम ओतलेल्या होत्या. दोन्ही मिळून ०.२४ घनमीटर, म्हणजे ६०० किलो. वर पाच सेंटिमीटर ओल्या मातीचा थर होता, गवत उगवलेलं, मी त्याला जमीनच समजलो होतो, ते साडेतीनशे किलो. १३५० चे २३०० झाले. आणि त्याच्यावर स्लॅब दोन्ही टेकांवर सिमेंटच्या मालाने धरलेला होता, तो सुटेपर्यंत क्रेन किती ओढत होती ते देवाला ठाऊक. दिसणाऱ्या कडेवरून मी अख्ख्या स्लॅबची जाडी ठरवली, हीच माझी चूक. आता जुनं काहीही असलं तरी मी मधोमध ड्रिलने आरपार भोक पाडून जाडी बघतो आणि खालून हात नाहीतर आरसा-टॉर्च घालून बघतो, तेही स्लॅब अजून आपल्या टेकावर घट्ट बसलेला असताना, उचलताना नाही.

तर पाणी, माती, चिकटलेलं काँक्रीट, आत अडकलेलं काही, आणि जमिनीशी धरून ठेवणारी ओढ, एवढं प्रत्येक वेळी तोंडाने म्हणून बघायचं. गोव्यात पाणी सगळ्यात मोठं. जून ते सप्टेंबर साइटवर जे जे पोकळ आहे त्यात पाणी साचतं, उलटा न ठेवलेला बकेट, चेंबर, पाईप, रिकामे ड्रम. २०० लिटरचा ड्रम भरला की २०० किलो, हे माहीत सगळ्यांना असतं, पण उचलताना कुणी आत डोकावत नाही. चिरा पण पाणी पितो, नीट भिजला की वजनात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. ३९ बाय १९ बाय १९ सेंटिमीटरचा चिरा सुका २८ ते ३१ किलो, होइस्टवर २० घातले की ६०० किलो, पावसात त्याच्यावर अजून पन्नास-साठ. तुमच्या होइस्टच्या प्लेटवर ५०० लिहिलं असेल तर उन्हाळ्यात पण २० घालायचे नव्हते, १५ च. चिऱ्याचा आकार खाणीप्रमाणे बदलतो म्हणून माझा आकडा धरू नकोस, तुझ्या गाडीतले चार काट्यावर घाल.

जंबो बॅगबद्दल वेगळं सांगतो कारण हल्ली डेब्रिज त्यातच भरतात. बॅगेवर १००० किलो छापलेलं असतं, आणि बॅग ९० सेंटिमीटरची तिन्ही बाजूंनी, म्हणजे ०.७३ घनमीटर. ओली वाळू भरली तर १४०० किलो होते. बॅग भरली म्हणजे हजार किलो झाली असं नाही, बॅगेला माहीत नसतं आत काय आहे. ओली वाळू किंवा माती असेल तर अर्ध्याच्या थोडं वर भरून थांबा, बॅगेला आतून रंगाने रेघ मारा, कामगाराला सांगावं लागत नाही.

चिखलात रुतलेली वस्तू, म्हणजे नाल्यातला पंप, सपाट तळाचा ब्लॉक, ती क्रेनने उपटायची नाही. चिखल खालून धरून ठेवतो, कधी वजनाइतकीच ओढ त्याची असते, आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं, लोड उडी मारतो. पहारीने हलवून, बाजूने खणून, खाली हवा-पाणी जाऊ देऊन आधी मोकळं करायचं आणि मगच उचलायचं. फाउंडेशन बोल्ट, वेल्डिंगचे टाके, एखादी न कापलेली सळी, हे सगळं याच जातीतलं.

वजन आलं की त्यात स्वतःचं सामान मिळव. हुक ब्लॉक, स्लिंग म्हणजे लोड बांधायचे दोर-पट्टे, शॅकल म्हणजे ते जोडायच्या कड्या, स्प्रेडर बीम म्हणजे स्लिंग फाकवून धरणारी आडवी बीम असेल तर ती, हे सगळं क्रेनला उचलावंच लागतं आणि बहुतेक चार्टमध्ये ते वजा केलेलं नसतं. मग चार्ट बघ, आणि गाडीवर मोठ्या अक्षरात जे १२ टन १४ टन लिहिलेलं असतं ते विसरून जा, ते बूम आखूड आणि लोड अगदी नाकाशी असतानाचं आहे. बूम काढली, लोड लांब गेला की तीच गाडी दोन-तीन टनावर येते. हायड्रा लोड घेऊन वळते तेव्हा पुढचा भाग मुरडतो, त्या वेळी ताकद अजून कमी, आणि आपल्याकडची लाल माती पावसात एका बाजूने दबली की अजून कमी. रेडियस टेपने मोजायचा, आणि उचलल्यावर टायर दबून, बूम वाकून तो थोडा वाढतो म्हणून मोजलेल्यापेक्षा पुढचा आकडा बघायचा. ऑपरेटर "चार्ट गाडीत नाही" म्हणाला तर ती गाडी परत पाठवायची, भाडं वाया गेलं तरी चालेल. वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीने तपासल्याचा दाखला पण त्याच वेळी माग, बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

स्लिंगचा कोन हा वजनाचाच भाग समज. दोन पायांची स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशात असेल तर प्रत्येक पायावर अर्ध्या वजनाच्या १.१५ पट ताण, ४५ ला १.४१ पट, आणि ३० अंशावर आली की दुप्पट. म्हणजे तो माझा २३०० किलोचा स्लॅब ३० अंशात बांधला असता तर प्रत्येक पायावर ११५० नाही, २३०० च आले असते. उंची कमी पडते म्हणून स्लिंग पसरट बांधतात तिथे हे होतं. ६० च्या खाली जाऊ नकोस, लांब स्लिंग मागव. चार पायांची असली तरी न वाकणाऱ्या कडक लोडला दोनच पाय खरं वजन घेतात असं धर, कारण चारही सारखे ताणलेले कधीच नसतात.

जास्तीचं किती धरायचं? माझी पद्धत अशी, ड्रॉइंगवरून काढलेलं नवीन काम असेल तर १० टक्के वर, स्वतः मापलेलं जुनं किंवा तोडकाम असेल तर २५ टक्के वर. आणि येणारा आकडा चार्टच्या पाऊण हिश्श्याच्या आत बसला पाहिजे. लोक म्हणतात एवढं धरून मोठी क्रेन लागते, खर्च वाढतो. वाढतो, मान्य, पण मी त्या पोराच्या घरी गेलेलो आहे. मोठ्या गाडीचं भाडं निदान मोजता येतं.

सगळं झाल्यावर लोड १५-२० सेंटिमीटर उचलून थांबायचं, मागची चाकं, ब्रेक, स्लिंग, लोड तिरका होतो का ते बघायचं, कुणी खाली किंवा जवळ नको. ही खात्री करायची पायरी आहे, वजन शोधायची नाही. क्रेन स्केल भाड्याने मिळत असेल तर हुकला लाव, आकडा तुझ्या हिशोबाशी जुळतो का बघ, आणि हिशोबापेक्षा जास्त दाखवायला लागला की लगेच थांबायचं आणि काय राहिलं ते शोधायचं.

आता तुझी टाकी. भिंतीची जाडी तू लिहिलेली नाहीस, मी प्लास्टर धरून १२ सेंटिमीटर घेतो आणि तळ १५. बाहेरचं घनफळ २ गुणिले १.५ गुणिले १.२, म्हणजे ३.६ घनमीटर. आतली पोकळी १.७६ गुणिले १.२६ गुणिले १.०५, म्हणजे २.३३. राहिलं १.२७ घनमीटर काँक्रीट, २५०० ने गुण, ३१८० किलो. झाली की नाही तीन टनाच्या वर, अजून आत काय आहे ते बघितलंच नाही. जुन्या टाकीच्या तळाला गाळ असतो, एक फूट असेल तर ०.६८ घनमीटर, गाळ पाण्यापेक्षा जड म्हणून साडेआठशे किलो. चार टन. वर माझे २५ टक्के, पाच टन. ठेकेदाराचे दोन टन आणि हे पाच टन, या दोन आकड्यांना वेगवेगळी गाडी लागते.

सोमवारच्या आधी एवढं कर. गाळ पूर्ण काढून टाक, आउटलेट उघडा ठेव, एकट्या त्या कामाने जवळपास टन कमी होईल. टाकी बरेच दिवस वापरात नसेल तर आत माणूस उतरवू नकोस, वरूनच काढ. भिंतीला दोन ठिकाणी आणि तळाला एका ठिकाणी ड्रिल मारून जाडी माप, तळाला टेकू लावलेली बीम टाकीबरोबर एकसंध आहे का बघ, असेल तर तिचं माप वेगळं धर. कडेला ओतलेले जुने हुक असतील तर ते वापरायचे नाहीत, आतून किती गंजलेत कळत नाही, पट्ट्याच्या स्लिंग खालून घाल आणि कोपऱ्यांना लाकडाचे गुटके दे. गच्चीवर असेल आणि गाडी लांब उभी राहत असेल तर माझा सल्ला, अख्खी उचलूच नका, कटर लावून चार भिंती वेगळ्या करा. लांब भिंत १.२ गुणिले २ गुणिले ०.१२, ७२० किलो, जो तुकडा कापाल तो सुटण्याआधी स्लिंगवर धरलेला पाहिजे. जाडी मिळाली की इथे लिही, गाडी कुठे उभी राहणार आणि तिथून टाकीच्या मध्यापर्यंत किती मीटर ते पण लिही, गाडीच्या चार्टचा फोटो टाक, मी रविवारी संध्याकाळपर्यंत आकडा तपासून देतो.